दिसायला लागलं, पण डोळा अजून कच्चाच आहे

लेझरने चष्मा घालवलेल्या माणसाची दुसऱ्या दिवशीची सकाळ फार आनंदाची असते. उशाशी चाचपडत चष्मा शोधावा लागत नाही. भिंतीवरचं घड्याळ अंथरुणातूनच दिसतं, गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या सोसायटीच्या गेटवरचं नाव वाचता येतं. गफलत होते ती याच आनंदात. नजर आली म्हणजे डोळा बरा झाला असं धरून चालणारी माणसं तिसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या फलाटावर गर्दीत उभी असतात, चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करतात आणि आठवड्याने ड्रॉप्स बंद करून टाकतात, कारण ‘आता सगळं स्वच्छ दिसतंय’. नजर बहुतेकदा एका दिवसात येते. जखम भरायला आठवडे लागतात आणि आतल्या बारीक नसा पुन्हा वाढायला महिने. या मधल्या काळात डोळा कसा सांभाळायचा, तोही ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहून, इथली धूळ, टाकीचं पाणी, लोकल आणि सणवार धरून, त्याबद्दल हा लेख आहे. एक गोष्ट मात्र आधीच पक्की करू या: तुमच्या डॉक्टरांनी हातात दिलेली चिठ्ठी आणि इथला मजकूर यांत कुठे फरक दिसला, तर चिठ्ठीच प्रमाण मानायची.

आत काय घडलंय ते समजलं की पथ्यांची कारणं वेगळी सांगावी लागत नाहीत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल किंवा कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. लॅसिकमध्ये त्याचा वरचा, साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा थर एका बाजूने जोडलेला ठेवून उचलतात, खालच्या भागाला एक्सायमर लेझरने हवा तो आकार देतात आणि थर पुन्हा जागेवर पसरतात. दुधावरची साय सुरीने अलगद उचलून परत टेकवावी तसा. या थराला डॉक्टर फ्लॅप म्हणतात. त्याला टाका नसतो. त्याच्या कडा एक-दोन दिवसांत मिटतात, पण आतून तो मूळच्याइतका घट्ट कधीच होत नाही. जोराचा मार बसून काही वर्षांनंतरही फ्लॅप सरकल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. तेव्हा पहिल्या आठवड्यात झोपेत मुठीने चोळलेला डोळा काय करून ठेवेल याचा अंदाज येईल.

पीआरकेमध्ये फ्लॅप नसतो. तिथे पारपटलावरची सगळ्यात वरची नाजूक साल काढून खाली लेझर करतात आणि वर मलमपट्टीसारखी एक काँटॅक्ट लेन्स ठेवतात. स्माइल नावाच्या पद्धतीत दोन ते चार मिलिमीटरच्या छोट्याशा छेदातून आतली पातळ चकती बाहेर काढतात. तिन्हींना लोक सरसकट ‘लेझर केलं’ म्हणतात, आणि मग शेजारच्या ताईंचं पथ्य आपल्याला लावून घेतात. शेजारच्या ताईंचं लॅसिक झालेलं असतं, त्या तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेलेल्या असतात. आपलं पीआरके असतं, तिसऱ्या दिवशी डोळे उघडवत नाहीत, आणि घरात रडारड सुरू होते. तुमच्या डोळ्यावर नेमकं काय झालं ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते घरी निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

एक्सायमर लेझरचं हे तंत्र डोळ्यापर्यंत पोचलं त्यात मद्रासमध्ये जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत. १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेलं टर्कीचं मांस त्यांनी प्रयोगशाळेत नेलं, त्यावर एक्सायमर लेझर चालवून पाहिला आणि आजूबाजूचा भाग जराही न भाजता ते नेमकं कातरलं जातं हे त्यांना दिसलं. अमेरिकेत १९९५ साली चष्म्याच्या नंबरासाठी या लेझरला मान्यता मिळाली. मायक्रॉनच्या हिशेबात चालणारं हे यंत्र एका डोळ्यावर काही सेकंद, फार तर मिनिटभर काम करतं. त्यानंतरची सगळी मदार तुमच्या हातावर असते. तो ड्रॉप्स नीट घालतो का, आणि डोळ्याकडे उगाच जात नाही ना, यावर पुष्कळ काही ठरतं.

घरी येण्यापासून सुरुवात करू. सोबत कोणीतरी हवंच. शस्त्रक्रिया नौपाड्यात झालेली असो की मानपाडा रोडवर, त्या दिवशी लोकलने घरी जायचं नाही. रिक्षाही शक्यतो टाळा, कारण दोन्ही बाजूंनी उघडी असल्याने वारा आणि धूळ थेट तोंडावर येते. घोडबंदर रोडला आणि कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोच्या कामांमुळे धुळीला तोटा नाही. काचा लावून येणारी गाडी करा, डॉक्टरांनी दिलेला काळा गॉगल लावा आणि डोळे मिटून बसा. भूल उतरल्यावर चार-सहा तास डोळे चुरचुरतात, पाणी गळतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, उजेड सहन होत नाही. हे अपेक्षित असतं. यावर उत्तम उपाय झोप. घरी पोचलं की डॉक्टरांनी दिलेली वेदनेची गोळी आणि ड्रॉप्स घेऊन, खोलीत अंधार करून, झोपून टाका. जेवणाची वेळ टळली तरी चालेल, ड्रॉप्सची नको. मोबाइल त्या दिवशी दुसऱ्याच्या ताब्यात द्या. करमणूक हवी तर रेडिओ आहे. पाठीवर झोपायचं. प्लॅस्टिकचं पारदर्शक कवच दिलेलं असतं, ते कागदी चिकटपट्टीने कपाळाला आणि गालाला लावून झोपायचं, आणि सहसा आठवडाभर रोज रात्री. तिसऱ्या रात्री ते अडचणीचं वाटू लागतं, चिकटपट्टीने गाल खाजतो, ‘आता काय होतंय’ असं वाटतं. झोपेत हात कुठे जातो यावर कोणाचाच ताबा नसतो, म्हणून ते लावायचंच.

ड्रॉप्स घालणं हे सोपं काम समजलं जातं, आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. हात साबणाने धुऊन कोरडे करा. उताणे झोपा किंवा खुर्चीत मान मागे टेकवून छताकडे बघा. डाव्या हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा; वरच्या पापणीला हात लावायचा नाही आणि बुबुळावर दाब येऊ द्यायचा नाही. पापणीच्या आत जी छोटी खाच दिसते तिच्यात एक थेंब. एकच. डोळ्यात मुळात एका थेंबाचीही पुरती जागा नसते. दुसरा थेंब पहिल्याला घेऊन गालावर येतो आणि औषध फुकट जातं. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला कशालाही लागता कामा नये. थेंब पडल्यावर डोळा अलगद मिटायचा, पिचकवायचा नाही, आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट मिनिटभर हलकं दाबून धरायचं, म्हणजे औषध नाकावाटे घशात उतरत नाही. गालावर ओघळलेलं स्वच्छ टिश्यूने टिपा. डोळ्याच्या कडेला पुसायला जाऊ नका. दुसरं औषध पाच-दहा मिनिटांनी.

साधारणपणे तीन प्रकारची औषधं असतात: जंतुसंसर्ग टाळणारं अँटिबायोटिक, सूज उतरवणारं स्टिरॉइड आणि ओलावा देणारे कृत्रिम अश्रू. तिन्ही बाटल्या बोटभर उंचीच्या, पांढऱ्या, आणि त्यांवरची अक्षरं मुंगीएवढी. स्केचपेनने प्रत्येकीवर मोठा आकडा घाला, एका कागदावर वेळा लिहून तो फ्रिजच्या दारावर चिकटवा आणि प्रत्येक वेळी खूण करा. कानात घालायचे थेंब आणि फेव्हिक्विकसारखा गोंद त्या खणात ठेवूच नका. चुकून असं काहीतरी डोळ्यात घातल्याच्या घटना घडतात. स्टिरॉइडच्या काही बाटल्या वापरण्यापूर्वी हलवाव्या लागतात, ते विचारून घ्या. उघडलेली बाटली साधारण महिन्यानंतर टाकून द्यायची.

स्टिरॉइडबद्दल थोडं जास्त लिहिणं भाग आहे. ते ठरल्या दिवसांनी कमी कमी करत बंद करायचं असतं. ते घातलं की डोळा शांत, पांढरा, छान वाटतो, म्हणून काही जण जुनी चिठ्ठी दाखवून किंवा नुसतं नाव सांगून मेडिकलमधून बाटली आणत राहतात. स्टिरॉइडने काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो वाढताना दुखत नाही, लाल होत नाही, नजरेलाही सुरुवातीला काही कळत नाही, आणि या दाबातून होणाऱ्या काचबिंदूने गेलेली नजर कोणतीही शस्त्रक्रिया परत आणू शकत नाही. नंबर घालवायला गेलेल्या तरण्या माणसाची नजर अशा रीतीने जावी, याहून वाईट काय? आपल्याकडे मेडिकलवाला ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी बाटली देतो, तेव्हाही सावध राहा. मिळत्याजुळत्या नावाच्या बाटलीत अँटिबायोटिकसोबत स्टिरॉइडही मिसळलेलं असू शकतं. लेबलचा फोटो डॉक्टरांना पाठवा आणि मगच घ्या.

आता पाणी. मानेखालची अंघोळ दुसऱ्या दिवशीपासून करता येते. डोक्यावरून पाणी आणि चेहऱ्यावर साबण सहसा आठवडाभर नाही. लोकांना हे पथ्य जाचक वाटतं, विशेषतः मे महिन्यात. पण पाणी पिण्यालायक असलं म्हणून ते डोळ्याच्या उघड्या जखमेसाठी निर्जंतुक ठरत नाही. आपल्या बहुतेक सोसायट्यांत पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत, मग गच्चीवरच्या टाकीत साठतं. कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांच्या पट्ट्यात तर पुष्कळांच्या घरी ते टँकरने येतं. नळाच्या पाण्यात राहणारे काही जंतू, मायकोबॅक्टेरियाच्या कुळातले, फ्लॅपखाली शिरले तर लगेच काही दाखवत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी, ड्रॉप्स संपलेले असतात, फॉलोअपचा विसर पडलेला असतो, तेव्हा डोळा लाल होतो. हा संसर्ग बरा करायला महिने लागू शकतात. म्हणून चेहरा ओल्या, पिळलेल्या स्वच्छ फडक्याने डोळे वगळून पुसायचा, आणि केस धुवायचेच झाले तर मान मागे टाकून, डोळे मिटून, दुसऱ्याकडून. पुरुषांनी केस कापून घ्यायचे ते शस्त्रक्रियेच्या आधीच. सलूनमधले बारीक केस डोळ्यात जाणं सगळ्यात त्रासाचं. पोहायला जाणाऱ्यांनी, मग तो ठाण्यातला मारोतराव शिंदे तरणतलाव असो की सोसायटीचा, महिनाभर तरी पाण्यात उतरू नये.

पाण्याच्या पथ्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो घरातल्या सगळ्यांना माहीत हवा. डोळ्यात रसायन गेलं, म्हणजे संडास साफ करायचं अ‍ॅसिड, तंबाखूचा चुना, फिनेल किंवा कारखान्यातलं काहीही, तर लेझर कालच झालेलं असलं तरी त्याच क्षणी स्वच्छ पाण्याची बारीक धार धरून पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि मग दवाखाना गाठायचा. इथे पथ्य पाळत बसलात तर डोळा जाईल. डोंबिवली एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी हे पाठच करावं. शॉप फ्लोअरवर परतण्याची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि बाजू बंद असलेला सुरक्षा चष्मा घातल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. मिलापनगर, सुदर्शननगरसारख्या भागात राहणाऱ्यांना रात्री येणारा रसायनांचा उग्र वास काही नवा नाही. लेझरनंतरचे काही आठवडे तो आला की खिडक्या लावून घ्या, कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घाला आणि डोळे चुरचुरले तरी हात दूर ठेवा.

लोकलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिला आठवडा नाहीच. लॅसिक झालेला माणूस दोन-तीन दिवसांत संगणकावर बसू शकतो, हे खरं. पण टेबलापर्यंत पोचण्यासाठी त्याला सकाळी आठच्या डोंबिवली स्टेशनातून जावं लागतं, त्याचं काय? कल्याण-कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या गाडीत चढताना कोपर, सॅकची चेन, हँडल पकडायला वर गेलेला हात, सगळं नेमकं चेहऱ्याच्या उंचीवर असतं. महिलांच्या डब्यात त्यात केसांच्या पिना आणि क्लिपा. आजवर चष्मा हे फटके झेलत होता. आता नाक उघडं आहे, आणि हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. सुट्टी किंवा घरून काम मिळत असेल तर मागून घ्या. निघावंच लागलं तर गर्दी ओसरल्यावरची गाडी धरा आणि बिननंबरी काचांचा साधा चष्मा महिनाभर लावा. तो फटक्यापासून वाचवतोच, शिवाय हात डोळ्याकडे गेला तर मध्ये आडवा येतो. दारात उभं राहून वारा खाणं लेझर नसतानाही जीवावर बेततं. लेझरनंतर त्यात धुळीचे कण डोळ्यात भरण्याची भर. एसी लोकलमध्ये धूळ नसते, पण थंड हवेचा झोत डोळे सुकवतो, म्हणून झोताखाली उभे राहू नका. होळीच्या आधी रुळांलगतच्या वस्त्यांतून गाडीवर पाण्याच्या पिशव्या फेकल्या जातात, हे आपण दर वर्षी वाचतो. त्या दिवसांत तर खिडकीशी बसूच नका.

दुचाकीचं तसंच. आठवडा-दोन आठवडे चालवू नये, नंतरही हेल्मेटची काच खाली ओढलेली हवी. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, समोरच्या गाडीचा प्रकाश फाकल्यासारखा वाटतो. बहुतेकांत हे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत कमी होतं. तोवर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर किंवा शीळफाट्याच्या अंधाऱ्या पट्ट्यात रात्री गाडी हाती घेणं ठीक नाही, तुमच्यासाठीही आणि रस्त्यावरच्या दुसऱ्यांसाठीही.

देवळात आपण जे करतो ते इतकं सवयीचं असतं की ते डोळ्याशी संबंधित आहे हे सुचतही नाही. आरती संपते, तबक समोर येतं, ज्योतीवरून हात फिरवून तळवे डोळ्यांना लावतो. तीर्थ घेतलं की ओला हात डोळ्यांना आणि डोक्याला पुसतो. शंभर जणांच्या हातांतून गेलेलं पळी-पंचपात्र, ओली बोटं आणि नुकतं लेझर झालेलं पारपटल! पहिला महिना हात कपाळाला लावा. देव रागावत नाही. धूप, होम, उदबत्तीच्या धुरापासून थोडं लांब बसा. घरात फोडणीत मिरची पडताना, कांदा चिरताना, कुकरची शिटी काढताना तोंड बाजूला हवं. पहिले चार-पाच दिवस हे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं हे उत्तम. आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्याची नखं आधी कापा. मांडीवर घेतलेल्या बाळाचं नख डोळ्यात जाणं ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही.

सणांचा हिशेब शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच करायला हवा. दिवाळीत सुट्टी मिळते म्हणून अनेक जण तेव्हाची तारीख घेतात, आणि मग दिवाळी पहाटेला फडके रोडवर जायचं की नाही हा पेच पडतो. धूर, फटाके, रेटारेटी, नाहीच जायचं. तेच रंगपंचमीला, ठाण्यातल्या दहीहंडीला, ढोलपथकात गुलाल उधळताना. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची सुरुवात १९९९ साली डोंबिवलीतूनच झाली. तिच्यात दुचाकीवरून निघणाऱ्या मुलींनी शस्त्रक्रिया पाडव्याच्या चांगली महिनाभर आधी उरकलेली बरी. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझर झोतांनी दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत पुढे आल्या आहेत. त्या झोतांकडे कोणीच बघू नये, ज्यांची शस्त्रक्रिया झालेली नाही त्यांनीही. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते, २०२३ च्या पावसाळ्यात तर ती राज्यभर पसरली होती. घरात कोणाचे डोळे आले असतील तर टॉवेल, उशीचा अभ्रा, रुमाल वेगळे ठेवा. शस्त्रक्रियेची तारीख अजून यायची असेल तर डॉक्टरांना कळवा आणि ती पुढे न्या. लग्न ठरलेल्या मुलींनीही हाच विचार करावा. काजळ, मस्कारा, आयलायनर सहसा दोन आठवडे चालत नाही, हळदीत तर तोंड माखलं जातंच. लग्न आणि लेझर यांत महिना-दीड महिन्याचं अंतर ठेवा, आणि मेकअप सुरू कराल तेव्हा जुना मस्कारा फेकून नवा आणा.

घरच्या मोठ्यांचं प्रेम औषधांच्या रूपाने येतं. आजी गुलाबपाण्याची बाटली काढते, मावशी मधाचं बोट म्हणते, कोणी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायला सांगतं, कोणी साजूक तूप. यांतलं काहीही डोळ्यात जाता कामा नये. ते निर्जंतुक नसतं, एवढंच कारण पुरेसं आहे. आजीला दुखवू नका. तळपायाला तूप चोळून द्यायला सांगा; झोप छान लागते आणि डोळ्याला धोका नाही.

कोरडेपणाबद्दल अनेक जण फसतात. पारपटलातल्या नसा कापल्या गेल्याने डोळा कोरडा पडतो, आणि त्याच नसा कापल्या गेल्याने तो कोरडेपणा पूर्णपणे जाणवतही नाही. डोळा खुपत नाही म्हणून ड्रॉप्स सोडले की पारपटलावर बारीक ओरखडे उठत राहतात आणि नजर दिवसातून कधी स्वच्छ, कधी धूसर होते. पहिले तीन महिने हे जास्त असतं. सहा महिन्यांपर्यंत, काहींत वर्षभर रेंगाळतं. म्हणून कृत्रिम अश्रू ठरल्या वेळी घालायचे, डोळे काही म्हणोत. दिवसातून बऱ्याच वेळा घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांतले मागा. पंखा थेट तोंडावर नको, एसीची पाती छताकडे वळवा. संगणकाकडे बघताना आपण पापण्या लववायला विसरतो. दर वीस मिनिटांनी मान वर करून समोरच्या इमारतीच्या टाकीकडे वीस सेकंद बघा आणि सात-आठ वेळा पापण्या पूर्ण मिटून उघडा. सिगारेटचा धूर कोरडेपणा वाढवतो.

पीआरके झालेल्यांचं वेळापत्रक वेगळं आहे. पहिले दोन-तीन दिवस खरोखर दुखतं. वरची लेन्स चार-सात दिवसांनी डॉक्टरच काढतात. ती आपण काढायची नाही, आणि निसटून गालावर आली तर पुन्हा डोळ्यात घालायची नाही, फोन करायचा. नजर स्वच्छ व्हायला आठवडे लागतात, दोन्ही डोळ्यांत फरक राहतो, त्याने खचून जाऊ नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी पारपटलावर धुरकटपणा येऊ शकतो, म्हणून काही महिने बाहेर पडताना चांगला, अतिनील किरण अडवणारा गॉगल हवाच. रस्त्यावरचा स्वस्त काळा गॉगल बऱ्याचदा फक्त अंधार करतो. या मंडळींना स्टिरॉइडही जास्त दिवस लागतं, म्हणून डोळ्याचा दाब मोजून घेण्याच्या तारखा चुकवू नयेत.

दुसऱ्या दिवशीची तपासणी कोणीच चुकवू नये, कितीही छान दिसत असलं तरी. फ्लॅपला पडलेली सुरकुती किंवा त्याखाली सुरू झालेली सूज स्लिट लॅम्प या तपासणीच्या यंत्राखालीच दिसते, आणि लवकर सापडली तर सहज आवरते. पुढे आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी बोलावतात, तेव्हाही जायचं.

आणि खालीलपैकी काही झालं तर तारखेची वाट बघायची नाही: कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, नजर अचानक धूसर झाली, लाली वाढत चालली, चिकट पू किंवा चिपडं येऊ लागली, उजेड पुन्हा सोसवेनासा झाला, किंवा डोळ्यावर फटका बसला. फटका बसल्यावर दुखत नसलं तरी जायचं. घरी निघण्यापूर्वी दवाखान्याकडून रात्री आणि रविवारी उचलला जाईल असा नंबर घ्या, आणि तो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलमध्येही ठेवा. नंबर लागलाच नाही तर सकाळ होण्याची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, मुंबईत जे. जे. आहे. सोबत ड्रॉप्सच्या बाटल्या आणि डिस्चार्ज कार्ड न्या.

ते कार्ड आणि आधीच्या तपासण्यांचे कागद मात्र महिना झाला म्हणून टाकू नका. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, पारपटलाची जाडी आणि त्याच्या गोलाईची मापं त्यांत असतात. पंचवीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना डॉक्टर हीच मापं मागतील. पारपटल पातळ झाल्याने डोळ्याचा दाबही पुढे आयुष्यभर खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो. काचबिंदूची तपासणी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला लेझर झाल्याचं सांगावं लागतं, नाहीतर वाढलेला दाब नॉर्मल वाटून जातो. कागदांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा आणि मूळ कागद घराच्या करारनाम्यासोबत फाइलमध्ये लावा. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेल. लेझर फसलं असा त्याचा अर्थ नाही. आणि ज्यांचा उणे नंबर मोठा होता त्यांचा डोळा आतून तसाच लांबट आणि मागचा पडदा तसाच पातळ राहिलेला असतो. चष्मा गेला तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तो पडदा तपासून घ्यायचा, आणि डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं वाटलं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी जायचं. तपासणीला जाताना कोणाला तरी सोबत न्या. बाहुली मोठी करायच्या थेंबांनी पुढचे काही तास जवळचं वाचता येत नाही आणि ऊन सहन होत नाही.